घर नसलेल्यांची यादी

९ ऑक्टोबर १९६३, मेहकर

बेघरांना घरासाठी जागा मिळावी म्हणून आज सुलतानपुरात तीन दारं फिरले. ग्रामसेवक उत्तमराव म्हणाले, "बाई, जागा दाखवनं तलाठ्याचं काम हाय." तलाठी तुळशीराम म्हणाले, "ग्रामपंचायतीचा ठराव आना, मंग मी नकाशा काढतो." सरपंच हिंमतराव पाटील म्हणाले, "यादीच नाही तं ठराव कायचा करू? यादी ग्रामसेवकानं कराची." म्हणजे परत उत्तमराव!

अकरा बिऱ्हाडं आहेत. तीन वर्षांपूर्वी नाल्याला पूर आला त्यात झोपड्या गेल्या. तेव्हापासून कोणी शाळेच्या पडवीत, कोणी बाजाराच्या ओट्यांवर. ओट्यावर कारभारी नावाचा मजूर राहतो, बायको आणि तीन लेकरं. आडोशाला गोणपाट. त्या गोणपाटापुढे बायकोनं सडा घातलेला, वर रांगोळीची चार बोटं ओढलेली. दार नाही, पण दारापुढची रांगोळी आहे.

हे काम गटविकास अधिकाऱ्यांनी मला दिलं, कारण दुसऱ्या कोणी घेतलं नाही. मी समाजशिक्षण संघटक; म्हणजे काय, हे अजून आमच्या कचेरीत कोणालाच नीट माहीत नाही. साहेबांचं म्हणणं एवढंच — "जागा तुम्ही मिळवून देऊ नका, पुष्पाबाई. गावच्या माणसांना मिळून द्यायला शिकवा. तुम्ही आज आहात, उद्या बदलून जाल." गटातली सहा गावं. पहिलं सुलतानपूर.

१० ऑक्टोबर

लेकीला, वच्छीला, सोनाळ्याला पोस्टकार्ड टाकलं.

२१ ऑक्टोबर

सोनाळ्याहून उत्तर. तिच्या हातचं! "आई मी बरी आहे. तू बरी आहेस का. गाय व्याली. मायला खोकला आहे." माय म्हणजे आजी. मी आई, ती माय. नऊ वर्षांची झाली. 'मी'ची वेलांटी उलटी काढते. शाळेत गुरुजी सांगत नाहीत का? मी जवळ असते तर हात धरून गिरवून घेतली असती.

हे गेले तेव्हा वच्छी तीन वर्षांची होती. मी ट्रेनिंगला गेले. वर्षभराचाच प्रश्न म्हणून सासूबाईंकडे, आत्याबाईंकडे ठेवली. वर्षाची सहा वर्षं झाली. माझी ही खोली दुसऱ्याच्या घराच्या मागच्या बाजूची. मालकाची अट — एकटीनं राहायचं, पाहुणा नको. पोटची लेक पाहुण्यात मोडते का, विचारलं नाही. उत्तर नको होतं.

२९ ऑक्टोबर

आज एक गोष्ट जमली. तिघांना चावडीत न बोलावता बाजाराच्या ओट्यावर बोलावलं. बाजार नव्हता. हिंमतराव उभेच. "इथं कुठं बसाचं, बाई?" कारभारीच्या बायकोनं, आशाबाईनं, घोंगडी अंथरली. मग बसावंच लागलं. तिनं पाणी दिलं. हिंमतरावांनी तांब्या हातात धरून ठेवला, प्याले नाहीत. तुळशीराम प्याले.

मी एकच विचारलं — तुम्ही कोणासाठी थांबला आहात? एकेकानं सांगा, बाकीच्यांनी ऐका.

तिघांचं सांगून झालं. उत्तमराव हळूच म्हणाले, "म्हंजे आपन तिघंबी एकमेकाची वाट पाहून राह्यलो." कारभारी कोपऱ्यातून म्हणाला, "आन् आमी तुमची." त्यावर मात्र हिंमतरावही हसले.

ठरलं ते असं — यादी एकच. तिन्ही दप्तरांत तीच. दर गुरुवारी तिघांनी इथेच, ओट्यावर बसायचं. मी नसले तरी.

उत्तमराव लिहायला लागले, "मजूर कुटुंब, एक." मी म्हटलं, आकडा नको, नाव लिहा. कोण, कुठं झोपतात, काय हवं. त्यांनी मान वर केली आणि कारभारीला पहिल्यांदा त्याच्या बापाचं नाव विचारलं.

७ नोव्हेंबर

गुरुवार. तुळशीराम आले नाहीत. दोघं तासभर बसून उठले.

१४ नोव्हेंबर

तिघंही आले. मी मुद्दाम गेले नव्हते! उत्तमरावांची चिठ्ठी — "बसलो. गावठाणालगतचं सरकारी पडीक रान पाहिलं. जागा पुरते."

१९ नोव्हेंबर, सोनाळा

दिवाळीला आले. मेहकर, खामगाव, शेगाव, वरवट — दिवसभर गाड्या. मळ्यात वांगी-मिरची जोरात आहे. सातपुडा इतका जवळ की हात लावावासा वाटतो.

वच्छी दाराआडून पाहत होती. "वळखलं नाही का वं आईले?" आत्याबाई म्हणाल्या. ओळखलं तिनं. पण धावत आली नाही. आली, पाया पडली. कोणी शिकवलेलं दिसत होतं. मी तिला उचलायला वाकले तर माझ्याच लक्षात आलं, आता ही उचलण्याजोगी राहिली नाही.

तिचे केस मी विंचरले. फार वेळ लावला. झोपायला आजीकडेच गेली, न विचारता, जसं पाणी उताराला जातं.

२० नोव्हेंबर, सोनाळा

आत्याबाईंना म्हटलं, वच्छीला नेते. त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला नाही. "कुठं नेतं?" मेहकरला. "मेहकरात कुठं?" मीही एक शेंग उचलली. मग म्हणाल्या, "तू दिवसभर गावोगाव. तिले कोन पाहीन? घर कर आंदी, पुष्पा. मंग ने. मी काय बांधून नाही ठेवली."

राग आला. चूक काही बोलल्या नव्हत्या, म्हणून जास्त आला. दिवसभर डोक्यात सारखं तेच — घर कर आधी.

२५ नोव्हेंबर, मेहकर

क्वार्टरसाठी अर्ज दिला. साहेब म्हणाले, मार्चमध्ये एक रिकामं होईल. मार्च!

१२ डिसेंबर

सुलतानपूर. वाईट दिवस. हिंमतरावांना यादीतली दोन नावं काढायची आहेत. दोन्ही घरं महारवाड्यातली, परवा बौद्ध झालेली. हिंमतराव म्हणाले, "बाकीच्याइले देतो जागा. याइले त्याच वळीत नाही. लोक मले काय म्हनतीन?" मी म्हटलं, यादी एकच ठरली होती. "ठरली होती. आता नऊची ठरू द्या. नऊ घरं उभी राह्यतात, ते पाहा नं बाई. दोघापायी नऊ काहाले अडवता?"

थंडी सुरू झालीये, आशाबाईचं धाकटं खोकतंय. नऊ तर नऊ, असं मनात येऊन गेलं. इथे लिहून ठेवते — येऊन गेलं.

तेवढ्यात उत्तमराव उठले. "पाटील, ही यादी मी लिवली. घरोघर बसून लिवली. नऊची कराची असंन तं दुसऱ्याच्या हातानं करा. माही सही नाही." आणि दप्तर बांधलं. तुळशीरामांनीही नकाशाची गुंडाळी केली. म्हणाले, "माहाबी नकाशा अकराचाच हाय. आता कोन पुन्ना काढते?"

हिंमतराव तडक निघून गेले. तिघांचं मोडलं. पण मी गाडीत बसल्यावर उत्तमरावांचाच चेहरा आठवत राहिले. ऑक्टोबरमध्ये हाच माणूस म्हणाला होता, माझं काम नाही.

१९ डिसेंबर

गुरुवार. दोघंच बसले. हिंमतराव नाहीत.

२६ डिसेंबर

दोघंच.

२ जानेवारी १९६४

हिंमतराव आले. कोणी बोलावलं नव्हतं. अकराचा ठराव करून आणला होता. उत्तमराव सांगत होते की पाटलांनी कारण काही दिलं नाही. बसले, आशाबाईनं पाणी दिलं, या वेळी प्याले. "त्या दोघाइले कोपऱ्याचे प्लाट देऊ," एवढं मात्र बोलून पाहिलं. तुळशीराम म्हणाले, चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठ्या टाकल्या. हिंमतरावांच्या चुलतभावाच्या शेताला लागून कोण आलं, ते लिहायला नको.

हे मी केलेलं नाही. म्हणूनच आज बरं वाटतंय.

२३ जानेवारी, बुलढाणा

जिल्हा परिषदेत बैठक. वर घाटावर काय गारठा! मला सुलतानपुराविषयी बोलायला सांगितलं होतं. मी उत्तमरावांना उभं केलं. ते घाबरून पटापट बोलले, पण खरं बोलले — पूर्वी मी कागद पुढं ढकलत होतो, आता माणसं ओळखतो, एवढाच फरक. नंतर जळगाव जामोदचे लोक आमच्याभोवती. आमच्याकडे या, शिकवा. सोनाळा त्यांच्याच गटात. मी हसून विषय बदलला. माझं क्वार्टर मेहकरात होणार आहे.

१६ फेब्रुवारी

सुलतानपुरात भिंती चढताहेत. माती त्यांचीच, लाकूड पंचायतीनं दिलं. एकमेकांच्या भिंतीला सगळे हात लावतात. यादीतली, धर्मशाळेत राहणारी म्हातारी मंजुळाबाई तेवढी अडून बसली होती. दार रस्त्याकडेच पाहिजे. आखणीप्रमाणे ते पूर्वेला येत होतं. मी विचारलं, कोणाची वाट पाहता का? म्हणाली, "कोनाची नाही, बाई. पन रस्ता दिसला पायजे." तुळशीरामांनी आखणी बदलली.

११ मार्च

क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी. चुना स्वतः मारला. हात सोलले. खिडकीशी वच्छीची गादी असेल. तिथून निंबाचं झाड दिसतं. रात्र होईतो काहीबाही मांडत बसले आणि परत उचलत बसले.

२ एप्रिल

सुलतानपुरात सगळे आपापल्या घरात गेले. मला बोलावलं होतं, गेले नाही. नारळ हिंमतरावांनी फोडावा, आणि गावानं त्यांचंच नाव घ्यावं. उरलेल्या पाच गावांतले सरपंच बघायला आले होते म्हणे.

शाळा सुटायला अजून पंधरा दिवस. दिवस मोजू नये म्हणतात. मोजते.

२१ एप्रिल

वच्छी आली! दीर जानरावभाऊजी पोचवून गेले. सोबत गाठोडं, त्यात आत्याबाईंनी बांधून दिलेलं मेतकूट आणि तिची उशी.

आज काहीच लिहीत नाही. ती इथे आहे.

२३ एप्रिल

किती शहाणी आहे. ताट स्वतः घासून ठेवते. चपला भिंतीला लावून. सांगावं लागत नाही काही.

२६ एप्रिल

मघाशी मोरीशी उभी होती. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, "पाणी घेऊ का?"

सहा दिवस झाले. सहा दिवस ती विचारून पाणी पितेय, हे आज माझ्या लक्षात आलं. ती शहाणी नाही. ती पाहुणी आली आहे.

२९ एप्रिल

बाजारातून रिबिनी आणल्या, निंबाला झोका बांधला. झोक्यावर बसली, "छान आहे" म्हणाली. थोड्या वेळानं उतरली. मग पडवीत बसून एकटीच खेळत होती — मळा मांडला होता दगडांचा. हा पाट, ही विहीर, ही माय. मी जवळ गेले तर तिनं सगळं फ्रॉकमध्ये गोळा केलं.

२ मे

ताप नाही, काही नाही, पण जेवली नाही. आज मी तिला सरळ विचारलं. आधी का नाही विचारलं? सुलतानपुरात बिऱ्हाड-बिऱ्हाड विचारत फिरले — कुठं झोपता, काय हवं. माझ्या लेकीच्या बाबतीत भिंतींना चुना मारला आणि झालं, असं धरून बसले.

"वच्छे, तुला काय वाटतं? खरं सांग. मी रागावणार नाही."

बराच वेळ बोटाला पदराचं टोक गुंडाळत राहिली — माझ्या पदराचं. मग म्हणाली, "आपल्याले घरी कवा जाचं हाय?"

मी म्हटलं, हे घर नाही का गं?

"हे तुहं हाय नं," ती म्हणाली. आणि मला वाईट वाटेल म्हणून लगेच, "चांगलं हाय."

३ मे

तिला नेऊन सोडते, असं काल रात्री ठरवलं. सकाळी तिला सांगितलं. तिचा चेहरा उजळला आणि तिनं तो लगेच लपवला. मग विचारलं, "तूबी येतं का?"

"पोचवायला येते."

"नाही. राह्याले."

मला वाटत होतं, तिला आजी हवी आणि मी नको. तिनं कधी एकीला काढलंच नव्हतं. यादीतून मीच स्वतःचं नाव काढलं होतं, आणि दोष आत्याबाईंना देत होते.

५ मे

बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला — जळगाव जामोद गट. साहेब म्हणाले, "क्वार्टर नुकतंच मिळालंय, सोडून जाता?" हो म्हटलं. गुरुवारची बैठक माझ्याशिवाय चालते. ते काम झालं.

६ मे

वच्छीला पोचवायला जाईन तेव्हा तोंडानं विचारणं जमणार नाही, म्हणून आत्याबाईंना पत्र लिहिलं. त्यांना वाचता येत नाही, वच्छीच वाचून दाखवील, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं —

"आत्याबाई, तुमच्या घरात मले एक खाट टाकाले जागा द्याल का?"