कार्डावरची प्रभा

८ जानेवारी १९८४, रविवार

पोचले एकदाची. मॉरिशसमध्ये आत्ता घामाच्या धारा लागल्या असतील आणि इथे दिल्लीत मी दोन स्वेटर चढवून बसले आहे. दोन्ही उसने. विमानतळावर संस्थेच्या हेमलताताई घ्यायला आल्या होत्या. त्यांनी माझे चप्पल घातलेले पाय पाहिले आणि कपाळाला हात लावला.

वर्षभर स्वयंसेविका म्हणून काम करायचं आहे. संस्थेने माझी सोय आर. के. पुरममध्ये एका मराठी घरात केली आहे. भालचंद्रकाका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत, आणि घरात ते नि सुनंदाकाकू अशी दोघंच. दुसऱ्या मजल्यावरचं सरकारी क्वार्टर, गॅलरीतून खालचं लॉन दिसतं. माझं मराठी ऐकून काकू हसत सुटल्या. म्हणाल्या, अगं, तू तर माझ्या पणजीसारखं बोलतेस. आमची माणसं समुद्रापलीकडे गेली त्याला दीडशे वर्षं झाली, त्यांनी नेलं तेच आम्ही वापरतो, असं मी म्हटलं. आमच्या वाक्वा गावच्या शाळेत मी मराठी शिकवते, हे त्यांना खरंच वाटेना.

रोजनिशी मराठीतच लिहायचं ठरवलं आहे. गरम पोळ्या, वाटाण्याची उसळ आणि गाजराचा हलवा खाऊन डोळे मिटताहेत.

१६ जानेवारी

जवळच्या मुनिरका वस्तीत संस्थेची बालवाडी सुरू झाली. गवंडीकाम करणाऱ्यांची मुलं आहेत, बावीस. माझी हिंदी म्हणजे घराशेजारच्या भोजपुरी कुटुंबांकडून उचललेली, त्यामुळे तोंड उघडलं की सगळी खिदळतात. एक चिमुरडी मला रोज पाच शब्द शिकवते आणि चुकले की कान धरायला लावते. मला हे सगळं फार आवडतं आहे. शिकवायला आले आणि शिकतेच आहे.

दुपारी परतले की लॉनवर ऊन खायचं. काकू विणतात, मी शेंगा सोलते. माझी खोली त्यांच्या मुलीची, प्रभाची. तिची पुस्तकं, कंपासपेटी, भिंतीवरचं वेळापत्रक सगळं जागच्या जागी आहे. कुठे असते ती, असं विचारलं तर काकू म्हणाल्या, इथे नसते. पुढे त्या टाके मोजायला लागल्या, मीही विषय वाढवला नाही.

२ फेब्रुवारी

कालपासून कणकण होती, आज ताप आला. मुनिरकातलं पाणी बाधलं असणार. काकू मला सरकारी नोकरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे काकांच्या सरकारी कार्डावर नाव असलेल्या घरच्या माणसांनाच औषध मिळतं, म्हणून त्यांनी प्रभाचं नाव पुढे केलं. मी कां कूं करत होते. काकू म्हणाल्या, बिल्कुल घाबरू नकोस, इथे सगळे असंच करतात, गावाहून आलेला भाचासुद्धा मुलाच्या नावावर खोकल्याचं औषध नेतो. खिडकीतून प्रभा अशी हाक आली आणि मी, नीला, उठून उभी राहिले. मला हसू आलं. डॉक्टरांनी मान वर न करता प्रभाच्या कार्डाच्या वहीत लिहिलं.

५ फेब्रुवारी

ताप एकशे तीन. जिभेवर पांढरा थर. पुन्हा दवाखान्यात. बहुतेक विषमज्वर आहे म्हणाले. काकू माझ्या उशाशी बसून असतात. परक्या देशात एवढी माया करणारं कोण भेटतं? माझ्या व्हिसाचं काही काम होतं, तेही काकांनी अंगावर घेतलं, माझा पासपोर्ट आपल्या ऑफिसात घेऊन गेले आहेत.

९ फेब्रुवारी

पोटावर गुलाबी पुरळ उठलं. आज डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं, मग वहीची मागची पानं चाळायला गेले, तर ती स्टेपल केलेली होती. काका घाईने म्हणाले, जुनी आहेत साहेब.

तापाच्या भरात एक गंमत झाली. डॉक्टरांशी मी हिंदीत बोलले, एकही अडखळ नाही. इथल्या मुलींसारखं, मध्येमध्ये यार घालून. काकू रडायला लागल्या. मला वाटलं, कौतुकाने.

१० फेब्रुवारी

काकू आंघोळीला गेल्या तेव्हा मी त्या पिना नखांनी उपसल्या.

१९८०. डॉक्टर तेच, अक्षर तेच. २ फेब्रुवारी, ताप. ५ फेब्रुवारी, एकशे तीन, जिभेवर थर. ९ फेब्रुवारी, पोटावर पुरळ. पुढे १२ तारखेला नाकातून रक्त. १६ला असंबद्ध बडबड, माणसं ओळखत नाही. १९ला रुग्णालयात ताबडतोब दाखल करण्याचा सल्ला, आई गावाला गेली आहे असं वडील सांगतात.

त्याच्यापुढे काही नाही. पान कोरं.

११ फेब्रुवारी

वही समोर धरून विचारलं. काकूंनी काही लपवलं नाही. प्रभा गेली. चार वर्षांपूर्वी काकू भावाच्या मुलीच्या लग्नाला नागपूरला गेल्या होत्या. काकांना एकट्याने ठरवता येईना, त्या येईपर्यंत ते थांबले, आणि दोन दिवसांचा उशीर झाला. नंतर कार्डावरून नाव कमी करायला अर्ज द्यायचा होता. जन्मभर दुसऱ्यांच्या फायली लिहिणाऱ्या काकांना तेवढा एक अर्ज लिहिता आला नाही. दरवर्षी कार्डाचं नूतनीकरण होत राहिलं. प्रभा कागदावर जिवंतच राहिली.

दवाखान्यात नेलं तेव्हा मनात काही नव्हतं, असं त्या शपथेवर म्हणाल्या. पुरळ दिसल्यावर मात्र त्यांना कळलं, ती परत येते आहे. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, ह्या वेळी मी कुठेही जाणार नाही. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

१२ फेब्रुवारी

सकाळपासून मान मागे टाकून पडले होते. होऊ द्यायचं नाही असं ठरवून. बारा वाजता नाकातून रक्त आलं. थांबेना.

कार्डाची वही फाडली. चार तुकडे केले. काकांनी जमिनीवर बसून डिंकाने जोडली, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

१३ फेब्रुवारी

पासपोर्ट मागितला. काका म्हणाले, ऑफिसात आहे. उठवत नाही. खाली जायला निघाले, तिसऱ्या पायरीवर बसले, काकूंनी उचलून आणलं. काडीएवढी झाले आहे.

एक गोष्ट लक्षात आली. प्रभा म्हणून हाक आली आणि ओ दिली की ताप उतरतो. मी नीला आहे म्हटलं की चढतो. थर्मामीटर लावून पाहिलं. तीनदा. तीनही वेळा तेच.

१४ फेब्रुवारी

हेमलताताई आल्या. देवच भेटला असं वाटलं. उशीखाली चिठ्ठी तयार होती, मला इथून न्या, माझ्या देशाच्या वकिलातीला कळवा.

त्या खुर्चीवर बसल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं, आणि म्हणाल्या, प्रभा, किती वाळलीस गं, चलो, आता लवकर बरी हो. मग काकूंना विचारलं, नीला कुठे गेली, मुलं रोज विचारतात. काकूंनी सांगितलं, अचानक घरी परत गेली.

मी नीला, असं ओरडले. तोंडातून आलं, आंटी, पानी दे दो.

त्यांनी पाणी पाजलं. चिठ्ठी त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी उलटसुलट करून बघितली, तापात लिहिलंय बिचारीने, म्हणाल्या. परत उशीखाली ठेवून गेल्या.

१६ फेब्रुवारी

आईने पेज भरवली.

काकूंनी. काकूंनी भरवली.

घरी आम्ही एकमेकींशी ज्या भाषेत भांडायचो, मी आणि धाकटी, क्रियोल, त्यातला एक शब्द आठवत नाही. पाणी कसं म्हणायचो? समुद्र? त्या पोरीने शिकवलेले हिंदी पाच पाच शब्द मात्र सगळे — कुठल्या पोरीने?

भिंतीवरच्या वेळापत्रकात उद्या भूगोलाचा पेपर आहे. अभ्यास झालेला नाही.

नाही. नाही. मी शिक्षिका आहे. वाक्वा. मी शिक्षिका आहे.

१८ फेब्रुवारी

काका पलंगाशी बसून समजावत होते, ऑफिसात कुणाला नियम सांगावा तसं, हळू आवाजात. उद्या डॉक्टर दाखल करा म्हणून लिहितील. ह्या वेळी उशीर होणार नाही. टॅक्सी सांगितली आहे, रुग्णालयात खाट सांगून ठेवली आहे. खाट कार्डावरच्या माणसालाच मिळते. फॉर्मवर रुग्णाने स्वतः सही करायची.

माझं नाव घाला म्हटलं. पाया पडते म्हटलं. ताप चढला, दात वाजायला लागले.

नीलाचं काय होईल, असं काकूंना विचारलं. त्या किती तरी वेळ रडत राहिल्या. मग म्हणाल्या, माझ्याकडून एकीचंच बघणं होतं गं.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी लिहिलं. ताबडतोब.

टॅक्सी खाली. फॉर्म उशीवर. आधी ही रोजनिशी मागितली, त्यांनी दिली. पेन एकच, सहीसाठीचंच —

आईचा चेहरा आठवून बघते. माझ्या आईचा. बुटकी. हसताना तोंडावर हात धरते. डोळे — डोळे काकूंचेच दिसतात.

नीला लिहायला घेतलं. रक्त आलं, सगळं कागदावर. काकांनी दुसरा फॉर्म काढला. चार आणून ठेवलेत त्यांनी.

श्वास पुरत नाही —

मला मरायचं नाही. बाकी काही नाही. मला मरायचं नाही.

पहिलं अक्षर लिहिलं. तिचं. छाती मोकळी झाली, खरंच झाली. खिडकीतून ऊन आलंय, भूक लागली आहे —

आई, रागावू नकोस. तुझी मुलगी जगेल गं. फक्त ती तुझी —