सगळ्यांनी एकदम वाचा

बाई,

परवा वर्गात मी अडखळले. पंचेचाळिसाव्या वर्षी, तेही तपासणीला आलेल्या साहेबांसमोर. तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं झाली, पण झाला प्रकार घरी सांगावा तर हसतात आणि शाळेत सांगावा तर चहा निवेपर्यंत सल्ले देतात. म्हणून म्हटलं, तुम्हालाच लिहावं. तुम्ही मधे बोलणार नाही, हा एक मोठाच फायदा.

तुमच्या इंग्रजीच्या तासाला एकट्याने वाचायची बंदी होती, आठवतंय ना? "सगळ्यांनी एकदम वाचा," असं तुम्ही म्हणायचात आणि चाळीस पोरं धडा असा काही गर्जायची की शेजारच्या वर्गातले गुरुजी खिडकी लावून घ्यायचे. हेडमास्तरांनी एकदा तुम्हाला व्हरांड्यात थांबवलं. हातातली कुणाची तरी निनावी चिठ्ठी त्यांनी तुमच्यापुढे धरली. "बाई, हा वर्ग आहे की भजनी मंडळ?" आम्ही दाराआडून ऐकत होतो. "मंडळच म्हणा," असं म्हणून तुम्ही आत आलात आणि फळा पुसायला लागलात. मला तेव्हा तुमचा भयंकर राग यायचा. एरवी माझी जीभ पहिल्याच अक्षरावर रुतून बसायची. जेवताना मी पाणी मागायला तोंड उघडलं की धाकटा भाऊ तांब्या घेऊनच यायचा, म्हणायचा, "राहू दे गो, कळलं." पण तुमच्या तासाला मी घडाघडा वाचायचे. माझं डोकं सांगायचं, बघ, इंग्रजीत आपण अडखळत नाही, आणि ही मेली बाई काही आपल्याला एकटीला उभी करत नाही! एवढी शहाणी होते मी.

आता मीच सहावीला इंग्रजी शिकवते, बंदराजवळच्या शाळेत. यंदा वर्गात एका तांडेलाची मुलगी आली. तिचा बाप मासेमारीची बोट चालवतो. कानाला मशीन लावूनही तिला अगदी थोडं ऐकू येतं. मी मोठ्या मनाने तिला पहिल्या बाकावर बसवलं. तर ही बया सारखी मागे वळून बघायची. मी तिचं डोकं धरून पुढे वळवायचे आणि स्वतः फळ्याकडे तोंड करून शिकवायचे, वर लक्ष देत नाही म्हणून तिलाच ओरडायचे. दोन-अडीच महिने मी हा शहाणपणा केला.

मग एक दिवस तिची आई आली. "बाई, हिला काय विंग्रजी जमायची नाय. पोरा हसतात. दिवाळीनंतर घरीच ठेवायची म्हणतंय मी. माज्याबरोबर मासळी निवडायला तरी येईल." मुलगी शेजारीच उभी राहून आईच्या ओठांकडे बघत होती. तिला शब्द न् शब्द कळला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मला अगदी भडभडून आलं. "दिवाळीच्या आधी साहेब यायचे आहेत," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही दोघं या, वर्ग बघा आणि मग ठरवा." बोलून बसले खरी, पण दाखवणार काय होते, कपाळ!

त्या रविवारी बांगडे घ्यायच्या निमित्ताने तिच्या बापाला गाठायला जेटीवर गेले. त्याची बोट आत येत होती. दोन बोटींच्या मधे जेमतेम जागा, इंजिनाचा धडधडाट, आणि जेटीच्या काठावर ही आपली उभी! तळहात खाली दाबला, बोट सावकाश झाली. हात डावीकडे, बोट डावीकडे. मूठ वळली, बोट थांबली. माझ्या वर्गातली बावरलेली पोर ती हीच का, असं मला क्षणभर वाटलं. बाप हसत उतरला. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? "शिकवायचा काय त्यात? इंजिन चालू झाला की बोटीवर आमी सगळेच बहिरे, बाई. हातानच बोलायचा. हिच्यासारखी नजर माज्या एका खलाशाची नाय." मी बांगडे न घेताच घरी आले.

ती मागे का वळायची, हे मला जेटीवरून परत येताना रिक्षात कळलं. मागच्या बाकावरचं पोर काय वाचतंय, हे तिला त्याच्या ओठांवरून बघायचं असायचं, दुसरं काय! सोमवारी बाकं भिंतीला लावली, म्हणजे सगळ्यांची तोंडं सगळ्यांना दिसतात. मी फळ्याकडे तोंड करून बोलणं सोडलं. सवय जाता जाईना, पण पोरंच "बाई, तोंड!" म्हणून ओरडायची. आणि तिला मधे उभी करून म्हटलं, आजपासून तू तांडेल. ती बोटीवरची खूण करणार, वर्ग मोठ्याने इंग्रजी शब्द म्हणणार. स्लो. लेफ्ट. स्टॉप. पुल म्हटलं की सगळे मिळून नसलेलं जाळं ओढणार, त्यात दोन दप्तरांचे पट्टे तुटले. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातला एक मुलगा आहे. त्याची मराठीही अजून कच्ची आहे, त्यामुळे तोवर तो गप्पच असायचा. तोच आता सगळ्यांच्या वरताण ओरडायला लागला. तीही म्हणायची. तिचा आवाज जड येतो, पण चाळीस आवाजांत तिच्याकडे कोण वळून बघतंय?

साहेब आले. तिचे आईबाप दारात उभे. साहेब म्हणाले, "एकेकाने उभं राहून पाच वाक्यं बोला," आणि त्यांचं बोट नेमकं तिच्याकडे! तिच्या आईने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. 'साहेब, आमचा वर्ग एकत्र बोलतो' एवढंच मला म्हणायचं होतं. पण 'सा'वरच अडकले. सा, सा, सा... इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं हो. तेवढ्यात बाकावरून त्या पोरीने माझ्याकडे बघून तळहात खाली दाबला. आणि खूण दिसली म्हटल्यावर अख्खा वर्ग सवयीने ओरडला, "स्लो!" साहेब दचकले. मला असं हसू फुटलं की अडकलेलं सगळं सुटलं. म्हटलं, "साहेब, आमचा वर्ग एकदम बोलतो. तिच्याबरोबर सगळे उभे राहतील."

उभे राहिले. चार वाक्यं सगळ्यांनी मिळून म्हटली. तिचे वडील बोट चालवतात, तिला दोन भाऊ आहेत, असलीच. पाचव्याला तिने मूठ वळली. वर्ग चिडीचूप! मग ती एकटी, आपल्या जड आवाजात, एकेक शब्द तोलत म्हणाली, "आय... डोन्ट... लाइक... बांगडा." बाप खो खो हसायला लागला. साहेबही हसले. आई मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगो, तांडेलाची पोर आनि बांगडा आवडत नाय? हिला मासळी निवडायला नेऊन मी काय करू? राहू दे हितंच." आणि मग पदराने डोळे पुसत राहिली.

सगळे गेल्यावर फळा पुसताना माझा हात थांबला. बाई, तुमच्या त्या वर्गात चाळीस गळे एका जिभेसाठी गर्जत होते, आणि ती जीभ माझी होती. मी आजवर सगळ्यांना सांगत आले की माझं अडखळणं आपोआप गेलं. हेडमास्तरांना खरं कारण सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून तुम्ही भजनी मंडळ हसून पचवलंत.

हे पत्र कुठे टाकणार? इंग्रजीच्या टाचणवहीत ठेवून देते. फक्त एक सांगायचं राहिलं. हेडमास्तरांच्या हातातली ती चिठ्ठी मी लिहिली होती. 'बाई कोणालाच एकट्याने वाचू देत नाहीत.' खाली नाव घातलं नव्हतं, म्हणजे कुणाला कळणार नाही असं वाटलं होतं. माझी वही रोज तपासायचात तुम्ही, माझं अक्षर तुम्हाला कळलंच असणार. तरी फळा पुसून झाल्यावर तुम्ही वळलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "चला, सगळ्यांनी एकदम वाचा."