इस्त्रीच्या वायरीचा जोड

अहो,

फ्यूज उडालाय, दिवे लागणार नाहीत. इलेक्ट्रिशियनच्या घरात अंधार, शेजारी हसतायत. सकाळी तुमचा निळा शर्ट इस्त्री करत होते, तेवढ्यात वायरीच्या जोडातून जाळ निघाला. माझा हात वाचला, शर्टाची बाही गेली. जोड पाहिला तर तारांना नुसता पीळ आणि वर चिकटपट्टी, तीही सुटलेली. "तात्पुरतं आहे, नंतर नीट करतो," असं म्हणाला होतात. ते नंतर काही उजाडलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या टीचरबाईंचा लॅम्प मात्र तुमच्या हातून एका संध्याकाळीत दुरुस्त झाला. त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. दोन तारांचे जोड एकमेकांना लागू नयेत म्हणून मागेपुढे घेतलेले, सोल्डर केलेले, वरून घट्ट नळी. कुठे जोडलंय, हाताला लागत नाही. "तुमचे मिस्टर किती जीव ओतून काम करतात हो!" हेही मलाच ऐकवलं. तो लॅम्प करताना तुमच्या अंगावर हाच निळा शर्ट होता ना?

मी ताईकडे जातेय. इस्त्री घरात शोधू नका, टीचरबाईंकडे ठेवलीय. त्यांना म्हटलं, ह्यांच्याकडून तुमच्याच घरी करून घ्या. आमच्या घरी ह्यांचा हात चालत नाही.