पायरीवरच्या दोन छत्र्या

तांडा, बाभुळगाव
१९ एप्रिल २०२५

प्रिय शाम भिया,

राम राम. तुला, उर्वशीला आणि आमच्या अजून न पाहिलेल्या चिमणीला आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत. ऊन म्हणशील तर सकाळची शाळा आटोपून घरी येईस्तोवर गाडीची सीट तव्यासारखी तापलेली असते.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर बोलावं तर याडी शेजारी बसून कान देते, आणि मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून लिहून कुरिअरने पाठवते आहे. एकटा असताना वाच. उर्वशीला दाखवायचं की नाही ते मग ठरव.

तुझं पोहायचं टाकं तयार झालं, पाणीही भरलं. अख्खा तांडा बघून गेला. लखीराम काका काठावर उभा राहून म्हणाला, "एवढ्या पाण्यात माह्या संत्र्याचा बगीचा तगला असता ना बाप्पा!" पाय मात्र सगळ्यात आधी त्यानंच बुडवले. घोटाभर पाण्यात बसायची ती उथळ पायरी सगळ्यांना आवडली. तिच्यावर सावली झाल्याशिवाय पोरीला यवतमाळच्या उन्हात आणणार नाही म्हणालास, ते बरोबरच आहे. पण याडीनं नातीला अजून हातही लावलेला नाही, आणि यंदा तुम्ही आला नाहीत तर पुढच्या वर्षी ती असेल का, कोण सांगणार? म्हणून छत्रीचं काम मीच अंगावर घेतलं.

यवतमाळहून इंद्रजीत नावाचा विक्रेता तीन नमुने घेऊन आला. एक मधोमध दांड्याची, पायरीत ठेवलेल्या भोकात सरळ रोवायची. दुसरी गवताच्या झालरीची, हॉटेलात असते तशी. ती पाहून याडी म्हणाली, "हे त ढोराईनं खाऊन टाकली असती." तिसरीचा खांब बाजूला काठावर राहतो, वरून आडवा हात येतो आणि छत्री हवी तशी फिरवता येते. मला पहिली पटली, साधी आणि सुटसुटीत. तीच रोवून तुला फोटो पाठवला. अंगठा आला. इंद्रजीत म्हणाला, तिन्ही ठेवून जातो, आठवडाभर वापरून पाहा, मग सांगा.

इथवर सगळं सरळ होतं. पुढचं लिहायचं म्हणून मी मध्येच उठून चहा करून आले, भांडी घासली, अंगणही झाडलं.

तुला आठवतं का, आपल्या घरात छत्री कधी नव्हतीच? पावसात आपण पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन शाळेत जायचो. तुला एकदा बक्षिसात छत्री मिळाली, तर बापू तशीच उलट पावली शाळेत परत देऊन आला. किती रडला होतास! आपल्याला वाटलं, बापूला कुणाचं फुकटचं चालत नाही. तसं नव्हतं रे.

छत्री रोवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर याडी फेटियाचा घेर भिजवून पाण्यात उभी आणि दोन्ही हातांनी दांडा उपसत होती. मी ओरडले, "याडी, काय करून राह्यली?"

"सावली सरकली ना वं."

मला वाटलं, तिला ऊन लागत असेल. पण ती सावलीत नव्हतीच. ती उन्हात उभी होती आणि सावलीची जागा रिकामी होती.

मग मी फिरणारी छत्री लावून दिली, म्हटलं म्हातारीचे कष्ट वाचतील. तेव्हापासून ती दुपारभर तिच्यापाशी बसते. स्वतः उन्हात. सावली थोडी हलली की छत्री थोडी फिरवते. मधूनच सावलीत हात घालून माश्या वारल्यासारखा हलवते. "आत चल, ऊन लागंल," म्हटलं तर म्हणते, "मी उठली का तिच्यावर ऊन येते."

कोणावर, हे मी विचारलं नाही. भर दुपारी, लख्ख उजेडात मला भीती वाटली.

वय झालं, डोक्यात काही झालं असेल म्हणून तिला यवतमाळला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलेलं सगळं तिनं बरोबर सांगितलं. गावाचं नाव, सणांचे महिने, तुझ्या नोकरीचं शहर. लेकरं किती, विचारलं तर म्हणाली, "तीन."

मी म्हटलं, "दोन, याडी."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, शाम. कीव आल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून तिनं सगळं सांगितलं. आपल्या बंजारा बोलीत सांगितलं. उर्वशीनं वाचलंच तर तिला कळावं म्हणून इथल्या मराठीत लिहिते.

"तुह्या आंधी पोरगी होती. वैशाखात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचाले गेलतो नेरकडं. वावरात एक झाड नाही. धुऱ्यावर छत्री रोवली, तिच्या सावलीत गोधडीवर निजवली. सकाळी बराबर सावली होती वं. मी वेचत वेचत पार पल्याडच्या धुऱ्यापरेन गेली. सूर्य वर आला, छत्री जागची जागीच, सावली मातर निघून गेली. पोरगी रडली नाही. मले वाटलं, झोपली. रडली असती त आली असती ना मी?"

शेवटचं मला विचारत होती. मी "आली असतीस," एवढंच म्हटलं आणि तिला पोटाशी धरून दोघी खूप रडलो. पोरीचं नाव काय ठेवलं होतं, हे विचारायची हिंमत अजून झालेली नाही. ती छत्री बापूनं चुलीत घातली आणि पुन्हा दुसरी घरात येऊ दिली नाही. आपल्याला शेतात याडीनं कधी खाली निजवलं नाही, पाठीला बांधूनच कामं केली. बाया हसायच्या, म्हणायच्या, सुखीबाई लेकराले हवा लागू देत नाही.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. काल याडी जेवायला आत गेली तेव्हा मी त्या सावलीत वाकून पाहिलं. काही नव्हतं. ओल्या फरशा होत्या. पण सावली कडेला सरकली तशी छत्री मी फिरवली. का फिरवली, मला माहीत नाही. याडी येईपर्यंत मी तिथून हललेही नाही.

म्हणून मला धास्ती वाटते. तुझी लेकही त्या पोरीएवढीच तान्ही आहे. याडी तिला कोण समजेल? हे लपवून तुम्हाला बोलावणं मला जमेना. म्हणून काल सरळ तिलाच विचारलं, "शामची पोर आली तर कुठं निजवशील?"

तिनं माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. "मांडीवर. खाली ठेवतच नाही मी आता लेकरू."

तेव्हा तू ये, भिया. पोरीला याडीच्या मांडीवर दे. मी शेजारून हलणार नाही. उर्वशी घाबरली तर तिचंही चुकत नाही, पण तिला म्हणावं, त्या मांडीनं फार वाट पाहिली आहे.

आज इंद्रजीत आला होता. याडीनंच फिरणारी छत्री पसंत केली आणि दोन सांगितल्या. तो म्हणाला, "आजी, पायरी लहान हाय, एकच पुरन. दोन कायले?"

"एक नातीले. एक तिच्या मोठ्या आत्याले."

त्यानं हसून माझ्याकडे बोट केलं. "या ताईले?"

"नाही," याडी म्हणाली. "हे लहानी आत्या."

मी दोन्ही छत्र्या मागवल्या आहेत. नमुन्यासारख्या राखाडीच. दुसरीच्या सावलीत कुणी टॉवेल, मोबाईल काही ठेवू नका, एवढं उर्वशीला सांग.

तिघांतली मधली, तुझी बहीण,
अंजू