चारशे बारा घरांचं एक पत्र

३ मार्च
झालं! मसुदा माझ्याच गळ्यात. सात गावांच्या समितीत लिहिता येणारी माणसं काय कमी आहेत? पण अध्यक्ष झालेला तो गिरणीवाला सगळ्यांसमोर म्हणतो, अर्ध्या गावाला बाईंनी शिकवलंय, बाईच लिहितील. शिकवलं तिथेच चुकलं.

प्रसूतिकेंद्र बंद करायचा प्रस्ताव आलाय. आताच आठवड्यातून तीन दिवस उघडं असतं, तेवढंही नको म्हणे. बाळंतपणाला जायचं बावन्न किलोमीटरवरच्या शहरात! महिनाअखेरपर्यंत लेखी हरकती, मग सुनावणी. वर बसलेल्या एकाने तरी कधी कळा देणारी बाई गाडीतून नेलीय का?

आणि इथे माझ्या सुनेला सहावा लागलाय.

७ मार्च
शाळेच्या जुन्या वर्गात बैठक. प्रत्येकाला पत्रात आपलं काहीतरी घुसडायचंय. मेंढपाळाला पूल हवा. बसच्या कंडक्टरला संध्याकाळची फेरी हवी. सुताराच्या बायकोला आपण ट्रकमध्ये कशा बाळंत झालो ते सांगायचंय, तेही पहिल्यापासून. मी टेबलावर डस्टर आपटलं. सात गावं, एक आवाज! सतरा तोंडांनी बोललात तर वरचे कानात बोळे घालतील. मग मसुदा वाचून दाखवला. चौदा ओळी, फालतू शब्द एक नाही. पन्नाशीची माणसं, पण डस्टर वाजलं की अजून हाताची घडी घालतात.

सून मागच्या बाकावर होती. घरी येताना म्हणाली, यात एकाही बाईचं काही नाही. म्हटलं, सरकारला मुद्दे लागतात, रडगाणी नाही. त्यावर गप्प. पाच वर्षं झाली या घरात येऊन, भांडायची हीच एक रीत — तोंड मिटून चालत राहायचं. मला ते सहन होत नाही.

१२ मार्च
प्रत्येक घराने पत्र हाताने उतरवून सही करायची, असं ठरलंय. आज पहिली साठ आली. अक्षरं म्हणजे नुसता चिखल! सुताराच्या बायकोने शेवटी मनाच्याच चार ओळी जोडल्यात. लाल पेनाने काट मारून परत. मेंढपाळाने तर समासात पुलाचं चित्र काढलंय! तेही परत. दुपारी अध्यक्ष येऊन बसला, बाई, जाऊ द्या ना, लोक वैतागलेत. वैतागू देत. आपल्याला अडाणी म्हणायला त्यांना निमित्त मिळता कामा नये.

१३ मार्च
आणखी एकतीस परत पाठवली.

२१ मार्च
चारशे बारा घरं, चारशे बारा पत्रं. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी! गठ्ठा सुतळीने बांधून अध्यक्ष स्वतः आरोग्य कार्यालयात देऊन आला. पोचपावती माझ्याकडे आहे.

सुनेने विचारलं, आपल्या घराचं कोणी लिहिलं? मी, म्हटलं. 'बरं,' म्हणाली आणि आत गेली.

९ एप्रिल
कार्यालयाचा कागद आला. 'प्राप्त हरकती : दोन.'

दोन! डोळे फुटले की काय यांचे? अध्यक्षाने माझ्यासमोर फोन लावला. तिथला कारकून म्हणे, एकाच मजकुराची कितीही पत्रं आली तरी नियमाप्रमाणे ती एकच हरकत. पहिलं वाचायचं, बाकीच्यांवर शिक्का मारायचा. मेले खुर्च्या उबवणारे! अंगाची नुसती लाही झाली. सगळा दिवस त्यांना शिव्या घातल्या.

संध्याकाळी नळावर सुताराची बायको भेटली. मला बघून अर्धाच भरलेला हंडा उचलून चालती झाली. तिच्या चार ओळी ठेवल्या असत्या तर तिचं पत्र वेगळं धरलं असतं. मेंढपाळाचंही. कंडक्टरचंही. प्रत्येकाचं तोंड मी बंद केलं, शुद्धलेखन तपासून तपासून! चूक माझी. इथे लिहिते, बाहेर कबूल करणार नाही.

आणि ही दुसरी हरकत कोणाची?

१० एप्रिल
सुनेची! अध्यक्षाकडून कळलं. माझ्याच घरातून, माझ्या पाठीमागे! तशीच परसात गेले आणि तोंडावर विचारलं. कपडे वाळत घालत होती. वळलीसुद्धा नाही.

'जे झालं ते लिहिलं.'

काय झालं, म्हटलं.

'तुम्हाला माहीत आहे, आई.'

माहीत आहे. चार वर्षांत या घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही. या वहीतही नाही.

ते आता सात गावांसमोर वाचणार! ज्यांना मी कान धरून उभं केलं त्यांच्यासमोर! मी तोंड कुठे लपवू? घर फोडायलाच आली आहे ही. सुनावणीला जायचंच नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगेन.

२४ एप्रिल
गेले. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. साहेबांनी आमचं पत्र दोन मिनिटांत बाजूला ठेवलं, 'भावना नोंदवल्या.' मग सुनेचं वाचलं. पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या. केंद्र पाच मिनिटांवर, पण तो बंदचा दिवस. शहरात न्या म्हणून मी विनवत होते. सासू म्हणाली, कळा खोट्या आहेत, उद्या इथलंच उघडेल. सकाळी मुलगी मेलेलीच जन्मली.

साहेब म्हणाले, हे एकटीचं म्हणणं झालं, घरातलं कोणी सांगणार असेल तरच धरता येईल. सुनेने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी येईन असं तिला वाटलंच नसेल.

उभी राहिले. म्हटलं, 'ती सासू मी. खरं आहे. लिहून घ्या.'