पूर्ण भार, तीन फेऱ्या

३ नोव्हेंबर, सोमवार

परत आली. दात घासताना. भिंत डावीकडे सरकली, मी बेसिन घट्ट धरलं, मग भिंत जागेवर आली. बायकोने बाहेरून विचारलं, "काय पडलं?" म्हटलं, ब्रश. ब्रशच पडला होता, खोटं नाही.

दोन महिन्यांतली ही नववी चक्कर.

आणि नेमका आजच ऑफिसात आरोग्याचा फॉर्म आला! लिफ्टच्या छतावर चढून तपासणी करणाऱ्या सगळ्यांनी दहा तारखेपर्यंत भरायचा. रकाना चौथा — चक्कर येते का? 'हो' लिहिलं की रवानगी टेबलावर, तक्रारींचे फोन घ्यायला. सव्वीस वर्षं लिफ्टच्या शाफ्टमध्ये काढली मी. "लिफ्ट कधी सुरू होईल हो?" असं फोनवर कुणी विचारलं तर काय सांगू — तिलाच विचारा?

५ नोव्हेंबर, बुधवार

डिंकावर ओरडलो. डिंक म्हणजे माझा जोडीदार, नाव मीच ठेवलंय. गेले दोन महिने छतावर इतका चिकटून उभा राहतो की त्याचा श्वास मानेला लागतो. "अरे, लांब हो की जरा! लग्न लावायचंय का माझ्याशी?" तर म्हणतो, "जागाच कुठे आहे दादा?" जागा भरपूर होती. त्याला माझी जागा हवी आहे, दुसरं काय! मी हटलो की मुख्य तपासनीस तोच.

डॉक्टरकडे जाणार नाही. डॉक्टर म्हणजे कागद.

त्यापेक्षा स्वतःच तपासणार. रिकामी लिफ्ट मी कधी पास केली नाही. पूर्ण भार टाकायचा, तीन फेऱ्या, तिन्ही ठीक तर पास. तोच नियम मलाही. शहराबाहेर तो मोठा रोलर कोस्टर आहे ना — तिथे.

६ नोव्हेंबर

रजा नको, शनिवार आहेच. घरी 'ट्रेनिंग' सांगितलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

तिकीट खिडकीवरची मुलगी — "किती जण?" एक. "एकच?" मी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलं असलं तर बघावं म्हणून.

एकट्यांची रांग वेगळी असते. उरलेल्या खुर्च्या भरायला आम्ही. मला एका जाडजूड नर्सबाईंशेजारी बसवलं. "भाऊ, मनगट धरते हं तुमचं. आमचे हे खाली पिशव्या सांभाळतायत. भित्रट मेले!"

चढताना खालून कट्-कट्-कट्. गाडी मागे घसरू नये म्हणून अडकत जाणारा दात. आवाज अगदी सारखा. देखभाल चांगली आहे.

मग सोडलं. पोट वर राहिलं, बाकीचा मी खाली. उलटे झालो, आभाळ पायाखाली. सगळे किंचाळत होते, मी सेकंद मोजत होतो. अठ्ठेचाळीसला गाडी थांबली. चक्कर — नाही!

"तुम्ही ओरडलाच नाहीत! बरे आहात ना?" नर्सबाई म्हणाल्या. उत्तम आहे, म्हटलं. मनगटावर त्यांच्या चार नखांच्या खुणा.

दुसरी फेरी सगळ्यात पुढे. तिसरी सगळ्यात मागे, तिथे झटका जास्त बसतो. काही नाही. चांगली तरणीताठी पोरं कठड्याला टेकून पांढरीफटक बसली होती, आणि मी त्रेपन्न वर्षांचा, त्यांच्यासमोर आइस्क्रीम खात उभा. फार दिवसांनी आनंद झाला. लिहून ठेवतो.

निघताना गेटाबाहेर थांबून रुळांकडे वर पाहिलं तेव्हा काहीतरी जरासं हललं. उन्हामुळे. ते मोजणीत धरत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

रकाना चौथा — नाही. आजवर एकही खोटा शेरा लिहिला नाही. हाही नाही. रीतसर तपासून लिहिलाय.

बायको विचारत होती, ट्रेनिंगमध्ये मनगटाला काय लागलं?

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी फॉर्म दिला. अकराला सातव्या मजल्यावर, लिफ्टच्या छतावर. लिफ्ट थांबलेली, मी स्थिर उभा. कमरेच्या सेफ्टी पट्ट्याचा आकडा अडकवायच्या आधीच मान वर करून पुली पाहिली — आणि अख्खा शाफ्ट फिरला. हाताला काही लागेना.

पडलो नाही. कमरेचा पट्टा मागून कुणीतरी धरला होता. सगळं थांबेपर्यंत धरून ठेवला.

"कधी धरलास?" मी विचारलं.

"सप्टेंबरपासून, दादा," डिंक म्हणाला. "रोजच धरतो. ओढ आज पहिल्यांदा बसली."

खाली येऊन फॉर्म परत मागितला.