दाजींच्या छत्रीची पहिली ओळ

तीर्थरूप एल्युतेरिओ दाजींच्या चरणी सेंतोचा नमस्कार (डाव्या पायाला हात न लावता, कारण गुडघा अजून दुखतो असं ताईनं कळवलंय).

इकडे आम्ही सगळे मजेत. तुम्ही मजेत नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसलंच. काठी टेकत वाळूतून चालताना अख्खा किनारा आपल्याकडे बघणार, त्यापेक्षा या वर्षी समुद्रापासून लांब, आल्बासेतेच्या घरातच उकडून निघालेलं बरं, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचल्यापासून माझी बायको एम्पार भांडी आपटतेय. ऑगस्ट महिना, आणि किनाऱ्यावर छत्र्यांच्या पहिल्या ओळीत तुम्ही नाही? मग सगळ्यांच्या छत्र्या वाकड्या रोवल्या आहेत हे सांगणार कोण? पण हे पत्र तुमचं मन वळवायला लिहिलेलं नाही (ते ताईला अजून जमलेलं नाही, मी कोण?). मला फक्त एक बातमी द्यायची आहे. दाजी, मी जिंकलो! आयुष्यात पहिल्यांदा, चक्क पहिला नंबर!

तुम्हाला ठाऊकच आहे, तुमची हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची छत्री आमच्या माळ्यावर असते आणि पहाटे ती पाण्यालगत रोवून यायचं काम माझं. तुम्ही नाही म्हणालात तरी मी ते चालूच ठेवलं, कारण पहिल्या ओळीतली जागा एकदा गेली की गेली. ओर्तेन्सिया मावशी अजूनही अंधारातच कॉफीचा थर्मास घेऊन हजर असतात. तेलेस्फोरोच्या घरी नवरा-बायको दोघंच, पण तो अजूनही पाच खुर्च्या मांडून जागा अडवतो. छत्री रोवली की सगळे घरी जाऊन पुन्हा झोपतात. मी मात्र यंदा थांबायला लागलो, कारण वाढदिवसाला एम्पारनं मला कॅमेरा दिला. (तुम्ही त्याला 'महागडं पेपरवेट' म्हणाला होतात. मी विसरलेलो नाही.)

सूर्योदयाचे फोटो काढणं सोपं नाही हो! सूर्य एकदा पाण्याबाहेर डोकावला की त्याला कसली घाई होते कोण जाणे. पहिल्या आठवड्यात माझा अंगठाच उगवत होता. मग एकदा सगळं छान जुळून आलं, तर नेमका तेलेस्फोरो खुर्ची मांडायला वाकला आणि सूर्य बरोब्बर त्याच्या पार्श्वभागावर विराजमान झाला (तो फोटो त्याच्या बायकोनं मागून घेतलाय). ओर्तेन्सिया मावशी तर रोज ओरडायच्या, "अरे सेंत्या, सूर्य काय रोजच उगवतो! छत्रीकडे बघ, छत्रीकडे!" पण खरं सांगू? मला इतका आनंद कधी झाला नव्हता. आधी फोटो, मग पाण्यात एक डुबकी, मग ओल्या अंगानंच बारमध्ये जाऊन तळलेली माकुळं भरलेला भलामोठा पाव. आणि हे सगळं आपल्या दारात होतं! इतकी वर्षं मी झोपलो तरी कशाला, असं वाटतं.

तर गावच्या जत्रेच्या समितीनं सूर्योदयाच्या फोटोंची स्पर्धा ठेवली होती. जिंकणारा फोटो जत्रेच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर! त्या पहाटे जमिनीकडून जोराचा वारा सुटला होता. लालभडक सूर्य पाण्यातून वर आला आणि त्याच्या अगदी मधोमध एक इवलीशी काळी नाव, एका अंगाला कललेली, डुलत डुलत चाललेली. मी बटण दाबलं. औषधांच्या दुकानवाल्या विर्तुदेसबाई परीक्षक होत्या. त्या म्हणाल्या, "या एकाकी नावेत मला माणसाचं अख्खं आयुष्य दिसलं," आणि त्यांनी डोळे पुसले. दाजी, पेपरवेटनं माणसं रडवली!

ताईला नमस्कार, गुडघ्याला आराम.

आपला मेहुणा,
सेंतो

ता.क. ती नाव नव्हती. ती तुमची छत्री होती. वाऱ्यानं उखडली, गडगडत पाण्यात गेली आणि उलटी होऊन निघाली थेट मायोर्का बेटाच्या दिशेनं. मी धावलो का नाही, असं तुम्ही विचाराल. मी 'थांब, थांब!' असं ओरडलो नक्की, पण सूर्याला की छत्रीला, ते आता आठवत नाही.

आणखी ता.क. हे फक्त ओर्तेन्सिया मावशींनी ओळखलं, त्याच सकाळी, कॅमेऱ्यात फोटो बघून. "मेल्या, हा तर एल्युतेरिओच्या छत्रीचा दांडा!" असं त्या भर बारमध्ये ओरडल्या, म्हणजे किनाऱ्यावर सगळ्यांना कळलं. दुसऱ्या पहाटे मी रिकाम्या हातांनी गेलो. जागा गेली असणार अशी खात्रीच होती (इथे टीचभर वाळूसाठी सख्खे शेजारी बोलायचे बंद होतात). तर दाजी, ओळीत बरोबर तुमच्या छत्रीएवढी फट! आजही तशीच आहे. तेलेस्फोरोनं स्वतःच्या चारच खुर्च्या मांडल्या आणि पाचवी, हात टेकून उठता येईल अशी, त्या फटीत ठेवली. मावशी म्हणाल्या, "तिथं कुणी बसायचं नाही. येत नाही म्हणतो? येईल! आमच्या छत्र्या वाकड्या आहेत हे त्याला तिकडून कसं दिसणार?" मला उभ्या उभ्या रडू आलं. एम्पारला सांगू नका. दाजी, काठी घेऊन या, पण या.

शेवटचा ता.क. येताना नवी छत्री आणा. लाल बघा, हिरवा रंग सूर्यापुढे काळाच येतो. आणि दांडा फार मजबूत नसला तरी चालेल, स्पर्धा पुढच्या वर्षीही आहे.